पिल्लांच्या अंगावरचे फोड आणि जखमा : ओळखा आणि वेळीच इलाज करा

कोंबडीपालनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "पिल्लांच्या तोंडावर फोड आलेत, काय लावू?" प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर एका औषधाच्या नावात देता येत नाही. कारण पिल्लाच्या अंगावर दिसणारी प्रत्येक खपली एकाच रोगाची नसते. कधी ती देवीची असते, कधी दुसऱ्या पिल्लानं टोचलेल्या चोचीची, कधी ओल्या गादीची, तर कधी निकस खाद्याची. रोग एक आणि औषध दुसऱ्याच रोगाचं, असं झालं की पैसा जातो आणि पिल्लूही जातं.

आपल्या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. मोशी, चिखली, तळवडे, देहू, आळंदी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे या गावांच्या शेतांत आता कारखाने, गोदामे आणि चाळी उभ्या आहेत. घरातला एक माणूस कंपनीत पाळीवर जातो आणि मागच्या अंगणात किंवा राहिलेल्या तुकड्यात पन्नास-शंभर पिल्ले असतात. त्यांची देखभाल बहुधा घरच्या बाईच्या अंगावर असते, आणि अंड्यांचे चार पैसे हीच तिच्या हातची मिळकत असते. अशा घरात पन्नासातली वीस पिल्ले गेली, तर ते नुकसान लहान नाही. म्हणून हे पत्रक जपून ठेवा आणि खुराड्याच्या दाराशी लावा.

आधी नीट पाहा

औषधाच्या दुकानात धावण्याआधी दहा मिनिटं पिल्लू हातात घेऊन पाहा. दिवसाच्या उजेडात पाहावे, संध्याकाळच्या अंधुक दिव्यात नव्हे. एका हाताच्या पंज्यात पिल्लू अलगद धरा, छाती आवळू नका. छाती आवळली की पिल्लू गुदमरते. मग ठरावीक क्रमाने पाहत जा : तुरा, पापण्या, चोचीचे कोपरे, तोंडाच्या आतला भाग, पंखाखालची कातडी, पाठ, शेपटीचे मूळ, बेंबी, गुदद्वार, पाय आणि शेवटी तळवे.

पाहताना स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला : पिल्लू किती दिवसांचे आहे?
दुसरा : फोड किंवा जखम नेमकी कुठे आहे, पिसे नसलेल्या उघड्या जागी की पिसांच्या खाली?
तिसरा : ती कोरडी खपली आहे, रक्ताळलेली जखम आहे की ओली आणि वास येणारी?
चौथा : किती पिल्लांना आहे आणि कधीपासून?

ही चार उत्तरे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांकडे गेलात तर त्यांचे अर्धे काम या कागदानेच होते.

कोणती जखम कशाची?

१. उघड्या कातडीवर, म्हणजे तुरा, पापण्या, चोचीचे कोपरे आणि पाय यांवर आधी फिकट पुटकुळ्या, मग पिवळट फोड, मग तपकिरी-काळ्या खडबडीत खपल्या : ही बहुधा कोंबड्यांची देवी.

२. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराजवळ किंवा पायाच्या बोटांवर ताजी, रक्ताळलेली जखम आणि आजूबाजूची पिसे उपटलेली : हे टोचाटोचीचे काम.

३. तळपायावर किंवा छातीवर तपकिरी चट्टे, कातडी जळाल्यासारखी : गादी ओली आहे.

४. चोचीचे कोपरे आणि पापण्या चिकटलेल्या, तळव्यांना भेगा, पिसे खरखरीत, वाढ खुंटलेली, आणि हे जवळजवळ सगळ्याच पिल्लांत : खाद्यात जीवनसत्त्वे कमी पडत आहेत.

५. पहिल्याच आठवड्यात बेंबी सुजलेली, ओली, वास येणारी, पोट फुगलेले : बेंबीचा संसर्ग.

६. गुदद्वाराला विष्ठा चिकटून वाळलेली आणि खालची कातडी लाल : पिल्लाला थंडी किंवा अति उष्णता लागली आहे, किंवा हगवण आहे.

७. डोळ्यांभोवती व तुऱ्यावर काळे बारीक ठिपके, खपलीसारखेच दिसणारे, पण भिंगातून पाहिल्यास पाय असलेले : त्या चिकट पिसवा. त्या डोके कातडीत रुतवून बसतात.

८. पंखाखाली किंवा पोटावर कातडी जांभळी-काळी, ओलसर, दुर्गंधीयुक्त, आणि पिल्ले भराभर मरताहेत : हा कातडी सडण्याचा जंतुसंसर्ग. येथे घरगुती इलाज नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

या आठांपैकी आपल्याकडे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत सर्वांत जास्त घोळ होतो तो पहिल्यात. म्हणून देवीबद्दल सविस्तर पाहू.

कोंबड्यांची देवी म्हणजे काय?

माणसाला पूर्वी देवी यायच्या. भारतात त्या रोगाचा स्थानिक रुग्ण १९७५ साली शेवटचा सापडला, आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. कोंबड्यांच्या देवीचे फोड तसेच दिसतात म्हणून नाव तेच पडले. पण विषाणू वेगळा आहे. कोंबडीची देवी माणसाला लागत नाही, गाई-म्हशींना लागत नाही. तेव्हा घरातल्या मुलाबाळांबद्दल भीती नको. आणि हा कुणाचा कोपही नव्हे. लिंबाचा पाला बांधून आणि नारळ फोडून तो थांबत नाही.

हा विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरू शकत नाही. त्याला दार लागते. ते दार दोन प्रकारे उघडते. एक, टोचल्याची, खरचटल्याची किंवा तारेने ओरखडल्याची बारीक जखम. दोन, डासाचा चावा. आजारी कोंबडीला चावलेला डास पुढे कित्येक दिवस निरोगी पक्ष्यांना चावून रोग देत राहतो. शिवाय गळून पडलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन् महिने जिवंत राहतो. म्हणून गेल्या वर्षी देवी येऊन गेलेल्या खुराड्यात या वर्षी नवी पिल्ले टाकली की पुन्हा तोच प्रकार घडतो, आणि आपण म्हणतो की पिल्लेच खराब निघाली.

विषाणू शिरल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांत फोड दिसतात. मग खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत ती आपोआप गळते. बऱ्या झालेल्या पक्ष्याला पुढे बराच काळ हा रोग होत नाही.

या रोगाची दोन रूपे आहेत. कोरड्या रूपात फोड फक्त कातडीवर असतात. काळजी घेतली तर यात फार थोडी पिल्ले दगावतात. ओल्या रूपात तोंडात, जिभेवर आणि घशात पिवळसर-पांढरा, घट्ट चिकटलेला थर जमतो. पिल्लू मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घेते. हे रूप घातक आहे. तो थर ओढून काढू नका. खालून रक्त येते आणि जखम वाढते.

आता एक गोष्ट मनात पक्की ठेवा. कोरड्या देवीत पिल्लू फोडाने मरत नाही, ते बहुतेक वेळा उपाशी मरते. पापण्यांवर खपल्या धरल्या की डोळे मिटतात. डोळे मिटले की भरलेले भांडे दोन विती अंतरावर असूनही पिल्लाला ते सापडत नाही. बाकीची पिल्ले त्याला ढकलून पुढे जातात. दोन-तीन दिवसांत ते कोपऱ्यात मान टाकते, आणि आपण म्हणतो, "देवीनं गेलं." खरं म्हणजे ते भुकेनं आणि तहानेनं गेलं, आणि ते वाचवणं आपल्या हातात होतं.

आपल्या भागात डास कुठून येतात?

शेताच्या गावात डासांची जागा म्हणजे सांडपाण्याचं डबकं. आपल्या औद्योगिक पट्ट्यात जागा वाढल्या आहेत. कंपनीतून भंगारात आणलेली पत्र्याची आणि प्लास्टिकची पिंपे, अंगणात टाकलेले जुने टायर, नव्या बांधकामाचे पाया खणलेले खड्डे, पाणी येण्याची वेळ नक्की नसल्यामुळे भरून ठेवलेले हौद, आणि पवना-इंद्रायणीच्या काठी साचलेली जलपर्णी. एका टायरमध्ये तांब्याभर पाणी साचलं तरी त्यात डासांची पिढी तयार होते. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी खुराड्याच्या आसपासची सगळी पिंपे पालथी घाला, टायर छपराखाली हलवा किंवा देऊन टाका, हौद रिकामा करून आतून घासा आणि झाकण किंवा कापड बांधा. पक्ष्यांच्या पाण्याची भांडी तर रोजच धुवावीत. संध्याकाळी खुराड्याच्या खिडक्यांना बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी लावा. मात्र वारा कोंडू नका. खुराड्यात दार बंद करून धूर करण्याची पद्धत काही घरांत आहे; ती पिल्लांना बाधते. आधीच घसा सुजलेल्या पिल्लाला धूर म्हणजे मरणच.

देवी दिसली : काय करावे?

समजा, तुमच्याकडे पाच आठवड्यांची ६० पिल्ले आहेत. घरधनी दुसऱ्या पाळीला गेले आहेत. सकाळी खुराडं उघडल्यावर सहा पिल्लांच्या चोचीजवळ आणि पापण्यांवर पुटकुळ्या दिसल्या. घाबरू नका. हा रोग कळपात हळूहळू पसरतो. तुम्हाला वेळ मिळतो, पण तो वाया घालवू नका.

पहिल्या दिवशी : सहाही पिल्ले वेगळ्या टोपल्यात किंवा खोक्यात, डास लागणार नाहीत अशा जागी ठेवा. आधी निरोगी पिल्लांचे खाणे-पाणी करा आणि मगच आजाऱ्यांकडे जा, उलट नव्हे. आजाऱ्यांची भांडी वेगळी ठेवा. हात साबणाने धुवा. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या औषधोपचारासाठी १९६२ हा फोन क्रमांकही आहे.

फोडांची काळजी : एक लिटर पाणी उकळून थंड करा आणि त्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा. स्वच्छ मऊ कापूस त्यात भिजवून पापण्या आणि खपल्या दिवसातून दोनदा हलक्या हाताने पुसा. डोळ्यांसाठी फक्त हेच पाणी वापरा. अंगावरच्या, डोळ्यांपासून दूर असलेल्या फोडांवर कापसाने पोव्हिडोन आयोडीन लावा. पोटॅश परमँगनेट असेल तर त्याचे पाणी फिकट गुलाबी करून धुवायला चालते. गडद जांभळे पाणी कातडी भाजते. खपली फार कडक झाली तर खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवून बोटाने लावा. त्याने देवी बरी होत नाही, पण खपली मऊ राहते आणि पिल्लाला तोंड उघडता येते.

खाणे-पाणी : हा खरा इलाज आहे. ज्या पिल्लाचे डोळे मिटलेत त्याची चोच दिवसातून चार-पाच वेळा पाण्यात हलकेच बुडवा आणि वर उचला, म्हणजे ते घोट गिळते. पाणी नाकपुड्यांपर्यंत जाऊ देऊ नका. पिल्लांचे तयार खाद्य कोमट पाण्यात कालवून मऊ करा आणि चोचीजवळ धरा. एकदा चव लागली की ते टोचू लागते. कालवलेले खाद्य दोन तासांनी काढून टाका, आंबू देऊ नका. भांडी उथळ ठेवा आणि रोज त्याच जागी ठेवा, म्हणजे आंधळे पिल्लूही सवयीने तिथे जाते. पाण्यातून जीवनसत्त्व अ असलेले मिश्रण डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच-सात दिवस द्यावे. त्याने कातडी भरून यायला मदत होते.

खपल्या : गळालेली खपली म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे समजा. आजारी पिल्लांखालची गादी रोज गोळा करून जाळा. मेलेले पिल्लू उकिरड्यावर किंवा नदीत टाकू नका. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्री उकरणार नाहीत असे.

पुढचे दोन आठवडे : बाकीची ५४ पिल्ले रोज सकाळी एकदा तपासा. नवे फोड दिसलेले पिल्लू लगेच आजाऱ्यांत हलवा. सगळ्या खपल्या गळून कातडी गुळगुळीत झाल्याशिवाय बरे झालेले पिल्लू परत कळपात सोडू नये.

काय करू नये?

खपली नखाने खरवडून काढू नका. रक्त येते, ते पाहून दुसरी पिल्ले टोचतात आणि विषाणूला नवी दारे मिळतात.

गाडीचे जळके ऑइल, रॉकेल किंवा बॅटरीचे पाणी लावू नका. आपल्या भागात जळके ऑइल सहज मिळते म्हणून ते लावायचा मोह होतो. पिल्लाची कातडी कागदासारखी पातळ असते. ऑइल आत मुरते, पिसे चिकटतात, पिल्लाला थंडी बाधते. बॅटरीच्या पाण्यात आम्ल असते, ते सरळ भाजते.

माणसांच्या गोळ्या कुटून पाण्यात टाकू नका. याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. आपल्या पिंपरीतच १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिनसारखी औषधे देशात होऊ लागली. त्या औषधांनी असंख्य जीव वाचले. पण ही औषधे जंतूंना, म्हणजे जिवाणूंना मारतात. देवीच्या विषाणूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. फोडात पू झाला, दुसरे जंतू शिरले, तरच त्यांचा उपयोग, आणि कोणते औषध, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवावे. उगाच दिल्याने जंतू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. शिवाय औषधाचा अंश मांसात आणि अंड्यात उतरतो. म्हणून औषध दिल्यावर किती दिवस अंडी व मांस खाऊ नये, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आजारी पिल्ले चाकणच्या किंवा दुसऱ्या कुठल्या आठवडे बाजारात नेऊन विकू नका. तोटा आपला आहे म्हणून तो शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकायचा नसतो. आणि तुमचा शेजारी आजारी पडला की त्याच्याकडचा डास तुमच्याकडेच येतो.

लस : खरा बंदोबस्त

देवीला औषध नाही, पण लस आहे आणि ती चांगली आहे. महाराष्ट्रात कोंबड्यांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था आपल्या पुण्यातच, औंधला आहे : पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था. तुमच्या दवाखान्यात लसीची चौकशी करा. एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांपुरती लस असते आणि उघडलेली कुपी ठेवता येत नाही. म्हणून गल्लीतल्या किंवा बचत गटातल्या पाच-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. खर्च वाटला जातो आणि सगळ्यांचे पक्षी एकदम सुरक्षित होतात.

सर्वसाधारणपणे ही लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात टोचतात. जेथे डास फार आहेत आणि लहान पिल्लांतच देवी येते, तेथे डॉक्टर आणखी लवकर सौम्य लस टोचून पुढे पुन्हा टोचायला सांगतात. त्याच सुमारास राणीखेत, म्हणजे मानमोडीची लसही असते. दोन्ही एकाच दिवशी आपल्या मनाने टोचू नका. मध्ये किती अंतर ठेवायचे ते दवाखान्यात ठरवून घ्या.

लस घरी आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी. २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ती टिकते. दुचाकीच्या डिकीत, उन्हात ठेवलेली लस म्हणजे नुसते पाणी. मिसळल्यावर दोन तासांच्या आत सावलीत बसून संपवावी. पंख पसरून त्याच्या पातळ पडद्यात, शीर आणि पिसे टाळून, दुहेरी टोकाची सुई लसीत बुडवून आरपार टोचतात. काही लसी कातडीखाली टोचायच्या असतात. वेष्टनावर लिहिले असेल तसेच करा. उरलेली लस, कुपी आणि सुया जाळून किंवा उकळून नष्ट करा. त्यात जिवंत विषाणू असतो.

पंखात टोचलेली लस लागली की नाही, हे पाहण्याची सोपी खूण आहे. सात ते दहा दिवसांनी दहा-वीस पिल्ले धरून टोचलेली जागा पाहा. तेथे लहानशी सूज किंवा खपली असेल तर लस लागली. बहुतेकांना काहीच नसेल तर ती वाया गेली, पुन्हा टोचावी लागेल. हे पाहायला बरेच जण विसरतात आणि देवी आल्यावर म्हणतात, "लस टोचूनही रोग आला." संरक्षण यायला १० ते १४ दिवस लागतात हेही लक्षात असू द्या.

कळपात थोड्याच पिल्लांना देवी दिसत असेल, तर बाकीच्या निरोगी पिल्लांना लगेच लस टोचून रोग आटोक्यात आणता येतो. फोड आलेल्यांना मात्र टोचू नये. हा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा, पण उशीर लावू नये.

बाकीच्या जखमांचे काय?

टोचाटोची : जखमी पिल्लू आधी बाजूला काढा, नाहीतर संध्याकाळपर्यंत बाकीची त्याचे आतडे ओढतील. जखम मिठाच्या पाण्याने धुऊन आयोडीन लावा. मग कारण शोधा. जागा कमी आहे का? चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूट आणि पुढे आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट जागा हवी. दिवा फार प्रखर आहे का? उकडते आहे का? भांडी कमी आहेत का? मेथीची किंवा लसूणघासाची जुडी पिल्लांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. चोचीला काम मिळाले की ती दुसऱ्याच्या पाठीला लागत नाही.

ओली गादी : मूठभर गादी आवळून पाहा. मूठ उघडल्यावर तिचा घट्ट गोळा राहिला तर ती ओली आहे. दुसरी परीक्षा अशी, की पिल्लांच्या उंचीला वाकून श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लांचे तळवे आणि डोळे दोन्ही धोक्यात आहेत. ओली जागा काढून कोरडा भुसा टाका, गादी रोज हलवा, गळके भांडे बदला. आपल्याकडे कारखान्यांसाठी लाकडी खोकी बनवणाऱ्या वखारींतून भुसा मिळतो. तो घेताना तेल, रंग किंवा बुरशी लागलेला घेऊ नका, आणि पसरण्याआधी त्यातून लोहचुंबक फिरवा. खिळे आणि तारांचे तुकडे निघतील. हेच तुकडे पायाला ओरखडे काढून रोगाला दार उघडतात.

निकस खाद्य : नुसत्या कण्या, शिळी भाकरी आणि कँटीनमधला उरलेला भात यांवर पिल्लू जगते, पण वाढत नाही, आणि त्याची कातडी चिरते. पहिले आठ आठवडे पिल्लांचे तयार खाद्य द्या. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने आणि लागणारी जीवनसत्त्वे असतात. बुरशी आलेली पेंड किंवा मका कधीही घालू नका. आधीच भेगा पडल्या असतील तर खाद्य सुधारून पाण्यातून ब जीवनसत्त्वांचे मिश्रण द्या.

बेंबी आणि गुदद्वार : पहिल्या दिवसांत बेंबीवर वाळकी काळी गाठ दिसते, ती ओढू नका, ती आपोआप पडते. गुदद्वाराला चिकटलेली विष्ठा कोमट पाण्याच्या कापडाने भिजवून, मऊ करून काढा, पिल्लू पुसून कोरडे करा आणि ऊब तपासा. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ९५ अंश फॅरनहाइट लागते, पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी करावे. थर्मामीटर नसेल तर पिल्लांनाच विचारा : दिव्याखाली गर्दी केली तर थंडी वाजते, कडेला जाऊन धापा टाकतात तर उकडते, सगळीकडे पसरून बसली तर ठीक आहे. बेंबी ओली आणि वास येणारी असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पिसवा आणि गोचीड : पिसवांच्या झुबक्यावर व्हॅसलीनचा थर द्या आणि सैल पडल्यावर चिमट्याने काढा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. कोंबडीच्या गोचिडी दिवसा भिंतीच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून पिल्लावर औषध टाकण्यापेक्षा फटी लिंपा आणि खुराड्याला चुना द्या. कीटकनाशक डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिल्लांवर शिंपडू नका.

जखमेत अळ्या : चिमट्याने काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि पिल्लू दवाखान्यात न्या.

नेहमीचे प्रश्न

देवी आलेल्या कळपातली अंडी खावीत का?
हा रोग माणसाला होत नाही. निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांची अंडी नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. औषध चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस थांबा. आजारी किंवा मेलेला पक्षी मात्र खाऊ नये.

बरे झालेले पिल्लू पुढे अंडी देईल का?
होय. कोरड्या देवीतून नीट उठलेली तलंग पुढे अंड्यावर येते. डोळा गेला असेल तर मात्र तिला वेगळे खाऊ घालावे लागते.

देवीबरोबरच एकाएकी बरेच पक्षी मेले, तर?
मग ती नुसती देवी नव्हे. तुरा निळसर पडला, डोके सुजले आणि एक-दोन दिवसांत पक्षी पटापट मेले, तर राणीखेत किंवा बर्ड फ्लूची शंका घ्यावी. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, काहीही विकू नका आणि दवाखान्यात लगेच कळवा. लपवल्याने नुकसान वाढते.

नवी पिल्ले कधी आणावीत?
खुराडे रिकामे करून जुनी गादी जाळा, जमीन खरवडून घासा, चुना द्या, दोन-तीन आठवडे उन्हाला उघडे ठेवा. मग आणा. पिल्ले खात्रीच्या उबवणी केंद्रातून घ्या आणि कोणकोणत्या लसी टोचल्या आहेत ते लिहून घ्या. वेगवेगळ्या वयांची पिल्ले एकत्र ठेवू नका.

थोडक्यात

फोड कुठे आहे ते आधी पाहा, औषध नंतर.
आजारी वेगळे, भांडी वेगळी, खपल्या जाळा.
डोळे मिटलेल्या पिल्लाला हाताने खाऊ-पाणी द्या.
पिंपे पालथी, टायर कोरडे, हौद झाकलेला.
सहा ते आठ आठवड्यांत लस, आणि सात ते दहा दिवसांनी तिची खूण तपासा.

मंडळी, पिल्लाला बोलता येत नाही, पण त्याची कातडी सगळं सांगते. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी किंवा पाळीवरून आल्यावर पाच मिनिटं खुराड्याशी बसा आणि नुसतं पाहा. एका पिल्लाच्या पापणीवरची पहिली पुटकुळी ज्याला दिसली, त्याची बाकीची एकोणसाठ वाचतात.